लिमासोलची वाईनची जत्रा, तासगावच्या नजरेतून

लिमासोल हे सायप्रस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. इथं जहाज कंपन्यांची ऑफिसं इतकी आहेत की आपल्याकडच्या मर्चंट नेव्हीवाल्यांच्या घरात हे नाव ओळखीचं असतं. मीही अशाच एका ऑफिसात हिशेब बघते. पण आज जहाजांचं नाही, द्राक्षांचं लिहायचंय. तासगावात द्राक्षबागेत वाढलेल्या बाईनं या विषयावर गप्प बसणं तसंही अवघड.

समुद्राच्या रस्त्याला लागून इथं नगरपालिकेची मोठी बाग आहे. 1961 पासून तिथं वाईनचा उत्सव भरतो. आता तो सप्टेंबरच्या शेवटाकडे असतो. समुद्रावरून वारं येतं, पण रात्रीसुद्धा अंगाला चिकचिक असते. दारात एक अवाढव्य पुतळा उभा करतात आणि तो राजाचा, संताचा किंवा पुढाऱ्याचा नसतो. तो असतो द्राक्षं पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा. काळी घोळदार चोळणी, तिला इथं व्राका म्हणतात, पायात बूट, झुबकेदार मिशा. लोक त्याच्या पायाशी उभं राहून फोटो काढतात. आमच्या भागात चौकाचौकात बॅनर लागतात, पण बागायतदाराचा एवढा मोठा पुतळा मी तरी पाहिलेला नाही.

तिकीट काढून आत गेलं की वाईन चाखायला वेगळे पैसे नाहीत. वाईन कंपन्यांनी आपापले मंडप थाटलेले असतात, ग्लास पुढे केला की भरून मिळतो. खरं सांगायचं तर ही फुकटची वाईन बेताचीच असते. कोवळी, हलकी, गार करून दिली की खपून जाते. चांगलं काही चाखायचं असेल तर डोंगरातल्या छोट्या वाइनऱ्यांचे ठेले शोधावे आणि ‘माराथेफ्तिको’ मागावी. ही इथलीच काळी द्राक्षाची जात. दाट रंगाची, जिभेला जरा तुरट धरणारी. लावायला कटकटीची म्हणून मध्यंतरी मागे पडली होती, आता तिलाच भाव आलाय.

गर्दी कसली असते म्हणाल, तर सगळी घरंच्या घरं. बाबागाडीत पोरं, खुर्च्या पकडून बसलेल्या आज्ज्या, स्टेजवर डोक्यावर ग्लासांची चळत रचून नाचणारा एखादा गडी. ‘सुवला’ म्हणजे कोळशावर फिरवत भाजलेलं मांस, त्याचा धूर सगळीकडे. शाकाहारी माणसानं हालुमी हे भाजलेलं चीज आणि लुकुमादेस हे पाकातले तळलेले गोळे खावेत, उपाशी राहत नाही. दारू पिऊन धिंगाणा मी तरी पाहिला नाही. 2022 साली आपल्याकडे सुपरमार्केटात वाईन ठेवायच्या निर्णयावरून केवढा गदारोळ झाला होता! तेव्हा आमच्या घरात आई विरोधात आणि आण्णा बाजूनं, अशी उभी फूट पडली होती. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर आईला मी फक्त आज्ज्या दाखवल्या.

पण माझा पाय अडकला तो वाईनच्या मंडपात नाही, रसाच्या कढईपाशी. द्राक्षाचा ताजा रस मोठ्या कढईत उकळत होता आणि एक बाई लांब दांड्याच्या लाकडी पळीनं तो सारखा घोटत होती. त्यात पीठ घातलं की तो दाटतो, त्याला ‘पालुझे’ म्हणतात, वाटीत घेऊन गरम गरम खायचं. शेजारी दोऱ्यात ओवलेल्या बदामांच्या आणि अक्रोडांच्या माळा टांगलेल्या. त्या माळा या दाट रसात बुडवायच्या, वाळवायच्या, परत बुडवायच्या. मेणबत्ती जशी थरावर थर चढून जाड होते तसं करत करत बोटाएवढा ‘सुजुकोस’ तयार होतो. कापून दिलेला तुकडा चिवट, आंबटगोड, आत बदाम कुरकुरीत. वाईनपेक्षा हेच जास्त आवडलं असं मी म्हटलं तर माझी ऑफिसातली सायप्रिऑट मैत्रीण हसली. म्हणाली, लहानपणी आम्हीही यासाठीच यायचो.

मग तिनं मला कमांदारिया पाजली. तपकिरी, गोड, मनुकांचा वास मारणारी. लिमासोलच्या उत्तरेला त्रोदोस डोंगराच्या उतारावर 14 गावं आहेत, फक्त त्याच गावांतल्या द्राक्षांच्या वाईनला हे नाव लावता येतं. झिनिस्तेरी ही पांढरी आणि माव्रो ही काळी, अशा दोन जातींची द्राक्षं पिकून गोडीला आली की खुडून उन्हात पसरतात. आठवडा-दहा दिवसांत मणी सुरकुततात, पाणी उडतं, साखर उरते, मग ती पिळतात. पुढे किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात. नाव पडलं ते इथल्या मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांच्या जहागिरीवरून, ‘कमांडरी’वरून. तिचं ठाणं असलेला कोलोसीचा किल्ला शहराच्या पश्चिमेला आजही उभा आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड यानं 1191 मध्ये याच लिमासोलात लग्न केलं, हेही इथला प्रत्येक माणूस दुसऱ्या ग्लासाला सांगतो.

उन्हात पसरलेल्या द्राक्षांचे फोटो मी आण्णांना पाठवले. लगेच फोन. ‘उन्हात? थेट उन्हात? काळा पडंल की बेदाणा!’ आमच्याकडे द्राक्षाची जात थॉमसन असो की तास-ए-गणेश, माल डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून सावलीत, रॅकच्या जाळीवर टाकायचा, म्हणजे हिरवट-पिवळा रंग टिकतो आणि सौद्यात दर मिळतो. इथं रंगाचं कुणाला देणंघेणंच नाही, पिळायचंच तर आहे. हे आण्णांना पटवायला वेळ लागला.

त्यांना दुसरा धक्का बसला तो वेलींचा. पुढच्या रविवारी मैत्रिणीच्या मामांच्या बागेत गेलो. तारा नाहीत, वेल चढवायचे वाय आकाराचे लोखंडी अँगल नाहीत, ड्रिप नाही. गुडघ्याएवढी बुटकी, गाठाळ खोडं, पांढऱ्या चुनखडीच्या जमिनीत एकेकटी उभी. आमच्याकडे द्राक्षाचं कलम ज्यावर बांधतात तो डॉगरिजचा खुंटही नाही, वेल स्वतःच्या मुळांवर. फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या बागा झोपवल्या. त्यानंतर जगात बहुतेक ठिकाणी या किडीला दाद न देणाऱ्या खुंटांवर कलम करूनच द्राक्षं लावावी लागली. ती कीड सायप्रसला पोचलीच नाही, म्हणून इथं बाहेरून रोप आणण्यावर कडक बंधनं आहेत. मामांनी एक खोड हातानं थोपटून दाखवलं, ते त्यांच्या आज्याच्या वेळचं.

पण मामा काही सुखात नव्हते. पूर्वी गावांचा सगळा माल लिमासोलच्या चार मोठ्या कंपन्यांकडे जायचा आणि वाईन जहाजानं बाहेर. दर कंपनी ठरवायची. पुढे ती बाजारपेठ आटली, सायप्रस 2004 मध्ये युरोपीय संघात गेल्यावर वेली उपटायला अनुदान मिळालं आणि बऱ्याच जणांनी बागा काढल्या. मामांच्या शेजारचं रान पडीक होतं. त्यांचा मुलगा आता गावातल्या छोट्या वाइनरीला माल घालतो, थोडा पण चांगल्या दराचा.

हे आण्णांना सांगितलं तर म्हणाले, ‘तिथं कंपनी, हितं व्यापारी. ह्या माणसाशी बोलायला पायजे.’ तेव्हा पुढच्या वर्षी ते उत्सवाला यायचं म्हणतात. सप्टेंबरअखेर म्हणजे आपल्याकडे गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरायच्या छाटणीची धांदल, त्यामुळे मला काही खरं वाटत नाही. आईनं मात्र पासपोर्टला अर्ज टाकलाय.