धुरकट स्लाइड आणि पणतीतला मोरचूद

पावसानं कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला त्याच आठवड्यात माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड पुन्हा धुरकट यायला लागल्या. जलपर्णीच्या देठाच्या १२ लावल्या, ९ गेल्या.

हा देठ म्हणजे नुसत्या हवेच्या खोल्या, भिंती जेमतेम एका पेशीच्या. आधीच्या खेपेला बुडबुडे सेक्शनच्या (देठाच्या पातळ कापाच्या) आतच होते आणि मी उगाच कव्हरस्लिपला (वरच्या पातळ काचेला) शिव्या घालत बसलो. आता तुकडे फिक्सेटिव्हसकट (पेशी आहेत तशा टिकवणारं द्रावण) सिरिंजमध्ये घेतो, हातमोजा घातलेलं बोट तोंडावर दाबून दट्ट्या मागं ओढतो. हवा फसफसत निघते. तुकडा तळाला गेला की काम झालं.

सुरकुत्यांचं गणित सोपं निघालं. तुकडा मेणात बसवून कापतो नि काप कोमट पाण्यावर पसरवतो. मेण ५६ अंशांना वितळणारं आणि मी पाणी ५० वर ठेवत होतो. सेक्शन फाकून विस्कटायचे. ४४ वर आणल्यापासून रिबन (कापांची सलग पट्टी) शहाण्यासारखी पसरते. स्लाइड मात्र उभी ठेवून पूर्ण निथळू द्यायची. खाली पाणी राहिलं की गरम करताना फोड येतो आणि रंगवताना सेक्शन तिथूनच सुटतो. चिकटवायला अंड्याचा पांढरा बलक नि ग्लिसरीन समभाग, बोटानं अगदी पुसट. (पिवळ्याचं काय करायचं, हे आई दरवेळी विचारते.)

धुरकटपणानं मात्र रडवलं. आधी डीपीएक्सवर (कव्हरस्लिप चिकटवायच्या द्रवावर) संशय घेतला, नवी बाटली आणली, तरी तेच. मग लक्षात आलं, स्लाइड झायलीनमध्ये (अल्कोहोलनंतरचा, पाण्यात न मिसळणारा द्रव) घालताक्षणीच दूध सांडल्यासारखं होतंय. म्हणजे पाणी! सेक्शनमधलं पाणी काढणाऱ्या शेवटच्या अल्कोहोलची बरणी मी उघडीच ठेवत होतो आणि असल्या हवेत ते पाणी ओढणारच. कृषी सेवा केंद्रातून मोरचूद आणला, अंगणात पणतीत पांढरा होईतो तापवला, गार करून चिमूटभर त्या अल्कोहोलमध्ये टाकला. बघता बघता निळा, म्हणजे त्यात पाणी होतंच! आता बरणीच्या तळाशी त्याचा थर, वर फिल्टर पेपर, झाकण घट्ट. निळं दिसलं की अल्कोहोल बदलायचं. झायलीनमध्ये दूध दिसलंच तर स्लाइड तशीच पुढं न रेटता मागं, कोरड्या अल्कोहोलमध्ये.

काल ४ लावल्या, चारही काचेसारख्या. कव्हरस्लिप एका कडेनं टेकवून सुईवर हळूहळू खाली सोडली, बुडबुडा एकच, तोही कडेला.

वाया गेलेल्या ९ झायलीनमध्ये बुडवून ठेवल्यात. दोन दिवसांत ५ कव्हरस्लिप आपोआप सुटल्या. उरलेल्या ४ ना नख लावायचा मोह होतोय, पण बरणी कपाटावर ठेवून दिलीय.