पेंटियमचा विनोद नेमका कुठे चुकतो

पेंटियमचं, म्हणजे इंटेलच्या ४८६ नंतरच्या चिपचं, नाव ५८६ का नाही ठेवलं? कारण पहिल्या पेंटियमवर ४८६ मध्ये १०० मिळवले, तर उत्तर आलं ५८५.९९९९८३६०५.

१९९४ च्या अखेरचा हा विनोद फक्कड आहे, पण बेरीज पेंटियमला अचूक येत होती. चुकायचा तो भागाकार. आणि नाव बदललं ते नुसत्या आकड्याचा ट्रेडमार्क मिळत नव्हता म्हणून.

पेंटियमचा भागाकार शाळेतल्यासारखाच पायरीपायरीने चालतो. एका फेरीत दोन बिट निघतात आणि पुढचा अंक -२ ते +२ यांपैकी कोणता, हे चिपमधला एक तक्ता सांगतो. त्यातल्या भरायच्या १,०६६ घरांपैकी पाच घरांत +२ ऐवजी शून्य राहिलं. हिशेब त्याच घरांवर गेला तरच उत्तर बिघडायचं, म्हणून चाचण्यांतून ते निसटलं. व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या (दोनचाच फरक असलेल्या) मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते, तेव्हा ते हाती लागलं. इंटेलला ही चूक ४७.५ कोटी डॉलरना पडली.

तपासायचं असेल तर ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणा आणि ते मूळ संख्येतून वजा करा. बाकी शून्य हवी. सदोष चिपवर २५६ उरते. सी भाषेत करत असाल तर आकडे व्होलटाइल (volatile) चलांत ठेवा, नाहीतर कंपायलर (कोड चिपच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) भागाकार आधीच उरकतो आणि चिपची परीक्षा होतच नाही.

‘हॉल्ट अँड कॅच फायर’ (‘थांब आणि पेट घे’) या सूचनेचा विनोद त्याहून खरा आहे. मोटोरोला ६८०० या प्रोसेसरला ९डी किंवा डीडी हा ऑपकोड (सूचनेचा आकडा) दिला की तो एकापुढचा एक पत्ता वाचत सुटतो, रीसेटशिवाय थांबत नाही. पेट घेत नाही, थांबतही नाही. उलट अॅड्रेस बस (पत्ता नेणाऱ्या तारा) १६ बिटांचा काउंटर होते, त्यामुळे ऑसिलोस्कोप लावून प्रत्येक लाइन तपासता येते.

माझ्या मते सगळ्यांत सुरेख मात्र पॉवरपीसी प्रोसेसरची ‘ईआयईआयओ’ (EIEIO) ही सूचना. नाव इंग्रजी बालगीतातल्या शेतकऱ्याच्या पालुपदाचं, काम गंभीर: आधी उपकरणाचं डेटा रजिस्टर (माहितीचा कप्पा), मगच कमांड रजिस्टर (हुकुमाचा कप्पा), हा लिहिण्याचा क्रम उपकरणापर्यंत तसाच पोचवायचा. दोन राइट्सच्या मध्ये ती घालायची राहिली, तर कमांड आधी पोचून उपकरण जुनाच डेटा उचलू शकतं.