इपोहच्या डोंगरात, घड्याळजीचं भिंग घेऊन

मी वणीचा. आमच्याकडे चुनखडी म्हणजे काळ्या मातीखाली आडवा पसरलेला दगड, आणि तो दिसतो तोही सिमेंट कारखान्याकडे निघालेल्या ट्रकमध्ये. त्यामुळे मलेशियात इपोह जवळ आलं आणि सपाट मैदानातून भिंतीसारखे सरळ उठलेले चुनखडीचे डोंगर दिसले, तेव्हा मी गाडी थांबवायलाच लावली.

"मामा, अजून बरेच आहेत," भाचा म्हणाला. तो क्वालालंपूरला नोकरीला. रविवारची झोप मोडून दोनशे किलोमीटर गाडी हाकत तो मला एक गोगलगाय दाखवायला निघाला होता. ती जेमतेम मिलिमीटरभर असते हे मी त्याला अर्ध्या वाटेत सांगितलं. नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही.

तिचं नाव ओपिस्थोस्टोमा व्हर्मिक्युलम. 2008 मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली, ती इथल्या गुनुंग रापाट या एकाच डोंगरावरून. गोगलगायीचा शंख एरवी एका आसाभोवती शिस्तीत गुंडाळत जातो. हिचा चार आसांभोवती फिरतो. वेटोळं मधेच सुटतं, हवेत वळतं, परत शंखाला चिकटतं, परत सुटतं. दिवाळीत चकली पाडताना कुणीतरी हाक मारावी आणि सोऱ्या धरलेला हात भलतीकडेच फिरावा, तसं. हे चित्र पाहिल्यापासून माझी झोप गेली होती. गावच्या घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं होतं, ते खिशात.

गुनुंग रापाटच्या पोटात केक लोक तोंग नावाचं गुहेतलं मंदिर आहे. मूर्ती, झुंबरांसारखे लोंबणारे लवणस्तंभ, आतून येणारा गार वारा. गुहा आरपार आहे, पलीकडे तळं आणि बाग. तिथे म्हातारी मंडळी अनवाणी पायांनी गोट्यांच्या वाटेवर चालत होती. सुंदर जागा आहे, पण माझं सगळं लक्ष कड्याच्या पायथ्याकडे.

तिथे मी गुडघ्यावर बसलो. शेवाळलेला ओला दगड, पाचोळा, राखाडी माती. डास. दहा मिनिटांत भिंगावर वाफ धरली. मग हळूहळू मातीतले पांढरे कण वेगळे व्हायला लागले: हा दगडाचा चुरा, आणि हा... याला वेटोळं आहे! मोहरीहून लहान, आरपार दिसेल इतका पातळ. तीच का? नाही. हा आपला साधा, शहाण्यासारखा गुंडाळलेला. पण त्याच्या अंगावर उभ्या बारीक कडा होत्या, पैठणीच्या निऱ्या धराव्यात तितक्या नेटक्या. अभ्यासक ही माती बादलीभर पाण्यात टाकतात. रिकाम्या शंखात हवा असते, ते वर तरंगतात. माझ्याकडे बादली नव्हती आणि माती उचलायची परवानगीही नव्हती.

शंखाला चुना लागतो, आणि तो इथे भिंतीभिंतीत आहे. पण एक डोंगर सोडून दुसऱ्यावर जायचं, तर मधली सपाट आम्लधर्मी जमीन या जिवांसाठी समुद्रच. म्हणून प्रत्येक डोंगर म्हणजे एक बेट, आणि कित्येक बेटांवरची जात दुसरीकडे कुठेच नाही. 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणतो आपण. खरं तर पोट हाच तिचा पाय, आणि तो फार लांब नेत नाही.

अडचण एवढीच की सिमेंटलाही हाच दगड हवा. पहांग राज्यात बुकित पांचिंग नावाचा असाच डोंगर होता. तो खणून पार सपाट केला आणि फक्त तिथेच राहणारी प्लेक्टोस्टोमा सायाफिलम ही गोगलगाय संपली. इपोहच्या उत्तरेला गुनुंग कांथानवर खाण आहे. तिथल्या एका नव्या गोगलगायीला 2014 मध्ये अभ्यासकांनी त्या सिमेंट कंपनीचंच नाव ठेवलं. आता जपा म्हणावं! ही युक्ती मला जाम आवडली. ट्रक बघत वाढलेल्या माणसाला तर जास्तच.

दुपारी पाऊस आला आणि आम्ही पळालो. माझी चार आसांची गोगलगाय काही दिसली नाही. संध्याकाळी व्हाइट कॉफी पिताना भाच्याने विचारलंच, "मग मामा, तिकिटाचे पैसे वसूल?" मी दुसरी कॉफी मागवली.

रात्री हॉटेलात पँट झटकली तर दुमडलेल्या पायातून चिमूटभर माती पडली. सवयीने भिंग लावलं. तिच्यात एक शंख होता. अर्धा फुटलेला, कोणाचा ते कळेना. कागदाच्या पुडीत बांधून ठेवला.

सकाळी परत निघालो. गाडीत बसताना पुडी भाच्याला दाखवली.

"रिकामाच आहे हो तो."

"असू दे."

त्याने घड्याळ पाहिलं, आणि हायवेकडे न जाता गाडी गुनुंग रापाटकडे वळवली.