पदोन्नतीच्या फाइलमध्ये अडकलेली रजा

विद्यापीठात सहायक प्राध्यापकाची सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट कागदावर सरळ दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी अधिसूचित केलेल्या विनियमांनुसार लेव्हल १२ वर, म्हणजे सहायक प्राध्यापकाच्या सर्वांत वरच्या वेतनस्तरावर, तीन वर्षांची सेवा, पीएच.डी., किमान सात शोधनिबंध आणि त्यांपैकी तीन मूल्यमापनाच्या कालावधीतले, निदान एका पीएच.डी. विद्यार्थ्याला मार्गदर्शन केल्याचा पुरावा आणि ७० संशोधन गुण एवढे जमले, की विद्यापीठ विभागातील शिक्षकाला 'कॅस'खाली (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे पदोन्नती योजनेखाली) निवड समितीसमोर जाता येते. त्यासाठी कोणाची जागा रिकामी व्हावी लागत नाही आणि कोणाशी स्पर्धाही नसते. मी राज्यातील एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात शिकवते. लेव्हल १२ वर आल्यानंतर माझी दुसरी प्रसूती झाली, बाळ दिवस भरण्याआधी जन्मले, म्हणून प्रसूती रजेला जोडून बालसंगोपन रजा घ्यावी लागली आणि ही सगळी रजा दोन शैक्षणिक वर्षांत विभागली गेली. पुढचा सारा गुंता त्या विभागणीतून निर्माण झाला.

प्रपत्र भरून अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे दिले आणि काही आठवड्यांनी छाननी समितीचे त्रुटीपत्र हाती आले. अध्यापनाची प्रतवारी ठरवताना नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के किंवा अधिक घेतल्या तर 'चांगले', ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान 'समाधानकारक' आणि त्याखाली 'असमाधानकारक' असा हिशेब असतो, आणि शेवटच्या तीन वर्षांपैकी किमान दोन वर्षांची प्रतवारी समाधानकारक किंवा चांगली असावी लागते. माझ्या दोन वर्षांपुढे 'असमाधानकारक' असा शेरा होता. मी रजेवर असताना जे तास घेतलेच नव्हते, ते न घेतलेले तास म्हणून मोजले गेले होते.

विभागातील बहुतेकांचा सल्ला एकच होता: मॅडम, वर्षभर थांबा, पुढच्या वेळी आपोआप होईल. हा सल्ला सद्हेतूने दिलेला होता, यात मला शंका नाही. मात्र थांबण्याचा सल्ला ज्याला द्यायचा, त्याच्या पदोन्नतीचा दिनांक, त्या दिनांकावर ठरणारी सेवाज्येष्ठता आणि तिच्यावर अवलंबून असलेले विभागप्रमुखपद या तिन्ही गोष्टी मागे सरकतात, हे सल्ला देणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आस्थापना विभागातील एका ज्येष्ठ लिपिकांनी मला विनियमांचे दुसरे परिशिष्ट उघडून तक्ता १ खालची टीप वाचायला सांगितली. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अध्ययन रजा, वैद्यकीय रजा अशा सवेतन रजांचा काळ प्रतवारीतून वगळावा, उरलेल्या काळातील कामावरून संपूर्ण कालावधीची प्रतवारी काढावी आणि अशा रजेमुळे शिक्षकाचे पदोन्नतीत कोणतेही नुकसान होऊ नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. "तोंडी सांगू नका, टीप जोडून अभिवेदन द्या आणि पोहोच घ्या," असे ते म्हणाले. मी रजेचे आदेश, वेळापत्रके आणि उरलेल्या महिन्यांची हजेरीपत्रके जोडून तासिकांचे टक्केवारीचे गणित नव्याने मांडले. दोन्ही वर्षे 'चांगले'मध्ये बसत होती.

तरी फाइल पुन्हा परत आली. त्याच टीपेत रजेला सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी असण्याची अट आहे, आणि माझ्या बालसंगोपन रजेचा आदेश रजा सुरू झाल्यानंतर निघालेला होता. नवजात अतिदक्षता विभागात बाळ असताना आदेशाची वाट पाहत कोणी थांबत नाही, पण नियमावलीत त्या परिस्थितीसाठी रकाना नाही. सुदैवाने माझा अर्ज विभागप्रमुखांच्या शिफारशीसह आदेशाच्या बराच आधी कुलसचिव कार्यालयात पोहोचला होता आणि त्यावर आवक क्रमांक होता. विलंब कार्यालयाचा असून अर्जदाराचा नाही, हे त्या क्रमांकावरून मान्य झाले. रजेवर जाणाऱ्या प्रत्येक सहकारी स्त्रीला मी आता आधी अर्जाची पोहोच जपून ठेवायला सांगते.

प्रतवारी सुधारली, पण संशोधनाचे काय, हा प्रश्न उरलाच. ती टीप अध्यापन आणि विद्यार्थीविषयक उपक्रमांच्या प्रतवारीपुरती आहे. मूल्यमापनाच्या कालावधीत तीन शोधनिबंध हवेत, ही अट रजेच्या काळाने लांबत नाही. प्रयोगशाळेचे विज्ञान करणाऱ्या स्त्रीला ही अट अधिक जाचते, कारण वर्गावर बदली शिक्षक मिळतो, तसा अर्ध्यावर सोडलेल्या संश्लेषणाला, म्हणजे नवा रेणू घडवण्याच्या कामाला, कोणी मिळत नाही. त्यातच रजेच्या काळात, माझ्यावर भार नको म्हणून, माझ्या एका संशोधक विद्यार्थिनीचा मार्गदर्शक बदलण्यात आला. मला ते नंतर कळवले गेले. विभागाच्या एनएमआर उपकरणाची (रेणूची रचना ओळखण्यासाठी वर्णपट नोंदवणाऱ्या यंत्राची) जबाबदारी अनेक वर्षे माझ्याकडे होती, आणि रजेपूर्वी मीच नोंदवलेल्या व अर्थ लावून दिलेल्या वर्णपटांवर उभा राहिलेला एक शोधनिबंध माझे नाव ऋणनिर्देशात टाकून प्रसिद्ध झाला. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, तेव्हा 'स्त्री आहे, म्हणून प्रवेश नाही', असे उघड सांगितले होते, आणि म्हणून त्यांना उघड भांडून आत जाता आले. आता नकार काळजीच्या भाषेत येतो आणि काळजीविरुद्ध अभिवेदन कसे लिहायचे, हे मला अजून नीट जमलेले नाही.

मार्गदर्शनाच्या संख्येतही हेच चक्र आहे. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. पदोन्नती लांबली की विद्यार्थी कमी, विद्यार्थी कमी की शोधनिबंध कमी आणि शोधनिबंध कमी की पुढची पदोन्नती आणखी दूर. निबंधाचे दोनाहून अधिक लेखक असतील, तर मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के गुण मिळतात. उपकरण सांभाळणाऱ्याचे नाव बहुधा त्या इतरांत असते.

समित्यांबद्दलही सांगितले पाहिजे. लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि ते योग्यच आहे. पण विज्ञान विभागांत स्त्रियाच मोजक्या असल्याने त्याच त्या नावांची पाळी येते. शिवाय वसतिगृह, रॅगिंगविरोधी समिती, पाहुण्यांचे स्वागत, स्नेहसंमेलन हेही आमच्याकडेच. प्रपत्रात मात्र तीन उपक्रम झाले की 'चांगले' मिळते. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत कोणताही उपक्रम काही देत नाही. हे कळल्यावर मी दोन समित्यांतून लेखी विनंती करून बाहेर पडले. त्यावर थोडी नाराजी झाली.

निवड समितीतील एका बाहेरच्या तज्ज्ञ बाईंनी विचारले, की या निबंधांत तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता? प्रश्न कठोर होता आणि अगदी रास्त होता. मी प्रत्येक निबंधातील माझा वाटा, म्हणजे कल्पना कोणाची, संश्लेषण कोणाचे, वर्णपटांचा अर्थ कोणी लावला, हे एका पानावर लिहून नेले होते, ते पुढे ठेवले आणि उरलेली मुलाखत त्या पानावरच झाली.

तिसरा शोधनिबंध पात्रता दिनांकाच्या काही महिन्यांनंतर प्रसिद्ध झाला होता. सर्व निकष ज्या दिवशी पूर्ण होतात, त्या दिवसापासून पदोन्नती मागण्याची मुभा विनियमांत आहे. पहिल्या मूल्यमापनात नापास झाल्यास पुन्हा वर्षभर थांबावे लागते. म्हणून मी अर्जात तो नंतरचाच दिनांक लिहिला होता आणि आदेशही त्याच दिनांकापासून निघाला. प्राध्यापक पदासाठी लागणारी तीन वर्षे आता तेथून मोजली जात आहेत आणि माझ्यानंतर रुजू झालेले एक सहकारी सेवाज्येष्ठता यादीत माझ्या वर आहेत. सवेतन रजेइतका काळ शोधनिबंधांच्या कालावधीतही वाढवून मिळावा, असे निवेदन आम्ही काही जणींनी विद्यापीठामार्फत आयोगाला पाठवण्यासाठी दिले आहे. त्याची पोहोच मिळाली आहे.