लाव्होचं सोनं अखेर उमटलं

नॉर्वेतल्या ग्रामीण पालिकांची ढालचिन्हं लिनोलियमच्या (लिनोच्या) ठोकळ्यावर कोरून छापतोय. त्यातलं, मागच्या नोंदीत जिथे अडकलो होतो ते काउतोकेइनोचं ढालचिन्ह काल रात्री छापून झालं! निळ्या ढालीवर सोनेरी लाव्हो, म्हणजे सामी लोकांचा शंकूसारखा तंबू. बस्स. नॉर्वेतल्या पालिकांच्या चिन्हांचा जुना दंडकच तसा: एक धातू (सोनं किंवा चांदी), एक रंग. गर्दी नाही, म्हणून तर ही ग्रामीण पालिकांची मालिका घेतली.

एकाच काळ्या शाईत छापायचं, तर रंग रेघा-ठिपक्यांनी दाखवायची, ढालचिन्हांचा अभ्यासक पेत्रा सांक्ता याची १६३८ची रीत: निळ्याला आडव्या रेघा, सोन्याला ठिपके. रेघा व्ही गाउजने (व्ही आकाराच्या कोरणीने) सरसर निघाल्या. ठिपक्यांनी जीव खाल्ला. लिनोत ठिपका ठेवायचा म्हणजे भोवतालचं सगळं कोरून काढायचं, आणि उरलेला खुंट रोलर फिरताच कोलमडतो. तंबूच्या शेंड्याला तर टक्कलच पडलं. लिनो उन्हात तापवून पाहिलं. कोरणं सोपं झालं, खुंट तेवढेच नाजूक. यू गाउज बारीक घेतला, तर तो खुंटाच्या बुडालाच खातो. उलटं करून काळ्यावर पांढरे ठिपके दिले, तर सोन्याचा तंबू कोळशाचा दिसायला लागला.

शेवटी ठिपके कोरणंच सोडलं. व्ही गाउजने तिरके चर ओढले, मग त्यांना छेदणारे दुसऱ्या बाजूने. मध्ये उरतात ते बुडाशी रुंद, वर निमुळते मनोरे. पडत नाहीत! ठिपके जरा चौकोनी आहेत, पण हातभर अंतरावरून कोण बघतंय? शिवाय तिरक्या चरांमुळे ओळी आपोआप एकाआड एक बसल्या.

शाईबद्दल: बडोद्याच्या मे महिन्यात पाण्याची शाई काचेवरच सुकते. तेलाचीच घ्या. आणि ते मऊ गुलाबी रबर शिक्क्यांपुरतं ठीक. धार धरायला तागाच्या पाठीचं लिनोच हवं.

पुढचा नंबर हिरव्या ढालीचा होता. हिरव्याच्या रेघा बघणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उतरतात. ठोकळ्यावर तशाच कोरल्या तर छाप उलटून रेघा दुसऱ्या बाजूला उतरतात, आणि ती खूण जांभळ्याची, म्हणून ट्रेसिंग उलटं करून ठेवलं होतं. ते आता थांबवतोय. प्रूफ वाळत घालताना डोक्यात आलं: काउतोकेइनो क्षेत्रफळाने नॉर्वेतली सर्वांत मोठी पालिका, सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर, माणसं जेमतेम तीन हजार. रेनडिअर हिवाळ्यात आतल्या पठारावर, उन्हाळ्यात किनाऱ्याकडे. पाळणाऱ्यांचं घरही मागोमाग. त्यांनी चिन्हावर तंबू घेतला. आणि आपल्या गायकवाडांचं ब्रीद काय? ‘जिन घर, जिन तख्त’! घोड्याची जीन, म्हणजे खोगीर, हेच घर, हेच सिंहासन. फिरत्या माणसांचं घर इथे घोड्याच्या पाठीवर, तिथे काठ्यांवर. दोन्ही शेजारी लावायलाच हवीत.

तर आता जोडठोकळा: त्याच मापाची ढाल, तांबड्यावर सोनेरी जीन. हे राजचिन्ह नव्हे, माझी रचना. तांबड्याला उभ्या रेघा, म्हणजे उलटण्याची भानगडही नाही. फक्त सहा सेंटिमीटरमध्ये जीन ओळखू यायला हवी. रिकिबी लोंबत्या ठेवल्या तर उभ्या रेघांत हरवतात. जुन्या मराठा खोगिराचा बाजूने काढलेला स्वच्छ फोटो कुणाकडे असेल तर पाठवा, ठिपक्यांचा नमुना-तुकडा बदल्यात देतो.