अ‍ॅम्पच्या शेजारची जागा

गेल्या आठवड्यात एका दुपारी, हातातून निसटलेलं गिटारचं पिक शोधायला म्हणून अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा खोका) भिंतीपासून जरा सरकवला, तर त्याच्या शेजारी बरोब्बर त्याच्याच मापाची जागा मोकळी दिसली. झालं. दुसरा अ‍ॅम्प घ्यायचा हे तिथेच ठरलं. कारणं मागाहून जमवली.

कारणं तशी आहेतही. माझा अ‍ॅम्प फेंडर घराण्यातला, २२ वॅटचा, ६व्ही६ व्हॉल्व्हवाला (व्हॉल्व्ह म्हणजे तापल्यावर काम करणारी काचेची नळी). आवाज काचेसारखा स्वच्छ, पण मधल्या सुरांत पोकळ. एकटीनं वाजवताना तो पोकळपणा गोड वाटतो. ड्रम आणि बेस सोबतीला आले की त्यात माझी गिटार बुडते. मग जोडीला कोण? वरचे सूर किणकिणवणारा, ईएल८४ व्हॉल्व्हचा व्हॉक्स एसी३०? की मधल्या सुरांत छाती काढून उभा राहणारा मार्शल? मार्शलची गंमत अशी, की १९६२ साली लंडनमध्ये त्यांनी आपला पहिला अ‍ॅम्प बनवला तोच फेंडरच्या बेसमन नावाच्या अ‍ॅम्पचा आराखडा समोर ठेवून. म्हणजे परका शोधायला निघावं आणि मावसभाऊ भेटावा. व्हॉल्व्हच नकोत म्हटलं तर १९७५ पासूनचा रोलंड जेसी-१२० आहे. त्यातला कोरस मला फार आवडतो. दोनपैकी एका स्पीकरमधून कोरा सूर, दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा, आणि दोघांची गाठ पडते ती खोलीतल्या हवेत.

वॅटच्या आकड्यांना मात्र मी भुलत नाही. वॅट दहापट केले तरी कानाला जेमतेम दुप्पट वाटतं. (शंभर वॅटवाल्यांना हे सांगून पाहा. ऐकू जात नाही त्यांना.)

खरी खोड माझ्या हातांना आहे. कुठलाही नवा अ‍ॅम्प समोर आला की मी नॉब पिळत बसते. ट्रेबल थोडं खाली, बेस जरा वर, मिड जवळजवळ शून्यावर. बऱ्याच वेळानं "वा, काय आवाज आहे!" असं तोंडून निघतं आणि मग ध्यानात येतं, की हा तर घरचाच आवाज. नव्या चपला घ्यायला जावं आणि पायातल्यासारख्याच घेऊन यावं, तसं.

म्हणून परवा मैत्रिणीचा अ‍ॅम्प उचलून आणला आणि नॉबना हात लावायचा नाही अशी शपथ घेतली. एक गिटार दोन्हीकडे वाटणारी डबी मध्ये जोडली. आधी नुसती घरघर. (अशा वेळी अर्थिंगची पिन काढून टाक, म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मैत्री असावी, पण त्यांचा प्लग वापरू नये.) ट्रान्सफॉर्मरवाली डबी आणल्यावर ती थांबली. मग कॉर्ड वाजवली, तर दोन अ‍ॅम्प मिळून आवाज एकापेक्षाही बारीक! खालचे सूर गायब.

"अगं, भांडतायत ते," मैत्रीण म्हणाली.

खरंच भांडत होते. एका स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा. दोन्ही बंद केले, एका स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली, पुन्हा चालू केले, व्हॉल्व्ह तापू दिले आणि तीच कॉर्ड वाजवली. आणि मी एकदम जिन्यात.

लहानपणी आमच्या घरात दोन रेडिओ होते. वर आजोबांचा व्हॉल्व्हचा, खाली बाबांचा ट्रान्झिस्टर. बातम्यांच्या वेळेला दोघं एकदमच बटण फिरवायचे. ट्रान्झिस्टर लगेच बोलू लागायचा. आजोबांचा आधी तापायचा, मागच्या भोकांतून केशरी उजेड दिसायचा, धुळीचा गरम वास यायचा, आणि मग तो एखाद्या शब्दाच्या मध्यातच सामील व्हायचा. 'तापमान'मधला 'ताप' नुसता खालून, 'मान' दोन्हीकडून. खालचा आवाज टोकदार, नाकातला. वरचा जाड, लाकडी. कुठल्या पायरीवर बसलं की निवेदक ना वर ना खाली, थेट आपल्या डोक्यात बोलतो, हे मी शोधून काढलं होतं. खालून सहावी. "वाटेतून ऊठ गं," म्हणत आई मला ओलांडून जायची.

त्या बातम्यांतलं एक वाक्य आता आठवत नाही. आजोबा गेल्यावर वरचा रेडिओ कुणी लावला नाही. ट्रान्झिस्टरवर बातम्या पूर्वीइतक्याच स्पष्ट यायच्या. मी एक-दोनदा सहाव्या पायरीवर बसून पाहिलं, मग खाली येऊन बसू लागले.