जॉर्डन्सचं बोलघेवडं नसलेलं घर

क्वेकर म्हटलं की आपल्याला ओट्सचा डबा आठवतो. त्या डब्याचा क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाशी काडीचा संबंध नाही. कॅडबरीवाले मात्र खरेच क्वेकर.

इंग्लंडमधल्या जॉर्डन्स गावात या क्वेकरांचं जुनं उपासनाघर आहे. तिथे जायला लंडनच्या मॅरिलेबोन स्टेशनवरून गाडी पकडून सीअर ग्रीन अँड जॉर्डन्स स्टेशनला उतरायचं. जलद गाड्या इथे थांबत नाहीत. मी न बघता चढलो आणि पुढच्या स्टेशनवरून उलटा आलो. उतरल्यावर वीसेक मिनिटांची चाल आहे. काही ठिकाणी फूटपाथ नाही, तेव्हा पोरं बरोबर असतील तर हात धरून चला.

विटांचं, उतरत्या छपराचं हे घर 1688 सालचं. त्याआधी लोक शेजारच्या विल्यम रसेलच्या शेतघरात जमत. तेही चोरून, कारण 1664 च्या कायद्याने घरच्यांखेरीज पाचहून जास्त माणसांनी सरकारमान्य चर्चबाहेर उपासनेला जमणं गुन्हा होता. 1687 मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने उपासनेची सवलत जाहीर केली आणि वर्षभरात हे घर उभं राहिलं. आत ना वेदी, ना क्रूस, ना रंगीत काचा. विटांची फरशी आणि लाकडी बाकं, बस्स. 2005 मध्ये आग लागली, छप्पर गेलं, पण जुनी खोली बरीचशी वाचली.

पुढच्या गवतात अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया वसवणारा क्वेकर विल्यम पेन पुरलाय, शेजारी दोन्ही बायका, गुलिएल्मा आणि हॅना. क्वेकर थडग्यावर दगड ठेवत नसत. हे बुटके दगड एकोणिसाव्या शतकात बसवले, त्यामुळे नेमकी जागा तीच असेल असं धरून चालू नका. 1881 साली पेनसिल्व्हेनियाने त्याचे अवशेष मागितले होते, इथल्या लोकांनी सरळ नाही म्हटलं. मला हे आवडलं. पेनने स्वतः गुलाम बाळगले होते, तेही तिथे उभं राहून आठवावं.

जायचंच तर रविवारी सकाळी जा, वेळ आधी विचारून घ्या. उपासना म्हणजे तासभर शांतता. कुणाला आतून वाटलं तर तो उभा राहून दोन वाक्यं बोलतो. आम्ही गेलो त्या दिवशी कुणीच बोललं नाही. देवळात घंटा आणि आरत्या ऐकत वाढलेल्या मला पहिली पंधरा मिनिटं जड गेली, त्यात पोटात कावळे ओरडत होते आणि ते सगळ्यांना ऐकू जात असावेत. तेव्हा पोटभर नाश्ता करून जा. जाड मोजे घाला, विटांची फरशी गार असते.

जवळच्या मेफ्लॉवर कोठाराचं लाकूड इंग्लिश वसाहतकऱ्यांना अमेरिकेत नेणाऱ्या मेफ्लॉवर या प्रसिद्ध जहाजाचं आहे ही गोष्ट ऐकायला छान आहे, पुरावा कच्चा आहे. त्यापेक्षा तीनेक किलोमीटरवर चॅलफंट सेंट जाइल्सला इंग्लिश कवी मिल्टनचं घर बघा (हिवाळ्यात ते बंद असतं). 1665 च्या प्लेगमध्ये ते मिल्टनसाठी शोधलं त्याचा क्वेकर मित्र टॉमस एलवुडने. मिल्टन राहायला आला तेव्हा एलवुड मात्र तुरुंगात होता, एका क्वेकराच्या अंत्ययात्रेला गेल्याबद्दल. तोही आता जॉर्डन्सच्याच गवतात आहे.